पुरलेलं ऑर्किड

रानभाज्या विकणारी एक आदिवासी बाई पाणी मागायला कामतघरला आमच्या दारात थांबली. बायको वारल्यावर तिचं ऑर्किड सुकायला लागलं, म्हणून मी ते चांगल्या काळ्या मातीत लावून रोज पाणी घालत होतो. तरी पानं पिवळीच.

“याला पुरलं कोनी?” दाराशी ठेवलेल्या त्या कुंडीकडे बघून तिनं विचारलं.

मला राग आला. “लावलंय मी.”

“ह्ये झाडावर ऱ्हातं, बाबा. याला माती न्हाय, वारा पायजे.”

पाण्याचा तांब्या तसाच ठेवून तिनं कुजलेली मुळं नखानं खुडली, रोप नारळाच्या सोडणावर दारात पडलेल्या, शेजारच्या यंत्रमागाच्या टाकाऊ सुतानं बांधलं. मग आत येऊन वर्षभर बंद असलेली खिडकी धक्का देऊन उघडली आणि ते गजाला टांगलं.

निघताना माझ्याकडे बघून म्हणाली, “तू बी बस हितं.”

आता त्याला हिरवं मूळ फुटलंय. माझी खुर्ची खिडकीशीच असते.