नावाआधीचं ‘कै.’

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. चांद्याच्या कॉलेजात मी कारकून होतो. मुलांचे प्रवेश-अर्ज माझ्या ताब्यातल्या कपाटात कुलपात असायचे. प्राचार्यांच्या परवानगीशिवाय त्यातलं अक्षरही कोणाला सांगायचं नाही, असा नियम होता.

एका दुपारी राजुऱ्याकडचा एक माणूस आला. चपला दाराबाहेर काढून तो टेबलाशी उभा राहिला. खांद्यावरच्या दुपट्ट्याची तो सारखी घडी करायचा नि पुन्हा मोडायचा. आमच्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचं नाव घेऊन म्हणाला, "मी तिचा बाप आहो. बारा वर्सं झाली, घर सोडून गेलतो. अर्जात तिनं बापाले जित्ता लिवलं का मेला, तेवढं सांगा."

तो अर्ज मीच तपासला होता. वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ होतं.

"ते सांगता येत नाई, भाऊ."

"काऊन? मी जित्ता आहो का नाई, हे मलेच इचारता येत नाई?"

मी गोंधळलो. हा खरंच बाप असेल तर? आणि नसेल तर? माझी मान खाली गेली. ते पाहून त्याने दुपट्टा घडी करून खांद्यावर टाकला.

"समजलं," तो म्हणाला. "मी आलतो म्हणून तिले सांगू नका. तिनं लिवलं, ते तसंच राहू द्या."

आठवड्याने ती मुलगी दाखला मागायला आली. मी दाखला दिला, बाकी काही बोललो नाही.

कपाट मी उघडलं नव्हतं, तोंडही उघडलं नव्हतं. तरी त्या दुपारी मी गुपित राखलं की फोडलं, हे मला अजून उमगलेलं नाही.