आकडे वाचणारा शेजारी

माझी आत्या झाशीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडायची. गावात तिला सगळे ‘टेलिफोनवाली बहनजी’ म्हणत आणि तिचा शब्द सहसा खाली पडू देत नसत. मी तेव्हा बी.ए. करत होते, तिच्याकडेच राहत होते. लग्न न करता, कुणाच्या परवानगीची वाट न बघता ही बाई कशी जगते ते पाहून मनातून तिच्यावर फार खूश होते. आमचं घराणं झाशीत इतकं जुनं, की मराठी फक्त उंबऱ्याच्या आत उरली होती. आत्या मला मराठीत रागवायची, दूधवाल्याला बुंदेलीत, आणि दोन्हीकडे सारखीच रंगात यायची.

त्या उन्हाळ्यात रोज दिवेलागणीनंतर वीज जायची. का जायची ते विजेचं ऑफिस सांगत नसे, म्हणून मग गाव सांगायचं. मऊरानीपूरच्या रस्त्यावर एका उघड्याबोडक्या टेकडीवर हवेचा अभ्यास करणारं एक छोटं केंद्र होतं. तिथून संध्याकाळी फुगे सोडतात एवढंच लोकांना माहीत होतं, आणि तेवढं त्यांना पुरत होतं. पानवाला म्हणायचा, ते ढग हाकलतात. बडा बाजारातला कापडवाला म्हणायचा, ते आपली वीज ओढून वर आकाशात सोडतात. मोठ नावाच्या गावाहून बाजाराला येणारा प्रत्येक जण त्यात आपली थोडी भर घालून जायचा. आत्या हे सगळं ऐकून हसायची. पुढे तिच्या स्वतःच्याच डोक्यात एक कल्पना शिरली आणि तिचं हसणं थांबलं.

त्याचं असं झालं. रोज संध्याकाळी त्या केंद्रातून दिल्लीला एक कॉल असायचा आणि बहुतेक वेळा तो आत्याच जोडायची. लाइन नीट लागली का हे बघायला तिला क्षणभर ऐकावं लागे. पलीकडून एक माणूस नुसते आकडे वाचायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकसुरी आवाजात आकड्यांमागून आकडे. कॉल संपायचा आणि थोड्याच वेळात गावाचे दिवे जायचे. दोन टोकं जोडणं हे आत्याचं रोजचं काम. तिने हीही जोडली: आकडे म्हणजे वीज तोडायचा हुकूम. वर तो आवाजही तिने ओळखला. आमच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर मद्रासकडचं एक जोडपं भाड्याने राहत होतं. त्यातला नवरा त्या केंद्रात नोकरीला होता.

एक्स्चेंजमध्ये कानावर पडलेलं बाहेर बोलायचं नाही, हा नियम आत्याने वर्षानुवर्षं पाळला होता. तो तिने कापडवाल्यासमोर मोडला. दुसऱ्या दिवशी ते गावभर झालं. आता ते पानाच्या टपरीवरचं बोलणं राहिलं नव्हतं, बहनजींनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं.

त्या जोडप्याचं दूध बंद झालं. नळावर त्या बाईची बादली रांगेत मागे सरकवली जाऊ लागली. तिला आठवा महिना लागला होता, हिंदी जेमतेम येत होती. ती रिकामी बादली घेऊन उभी राहायची. मग घरमालकाने त्यांना महिनाअखेर घर सोडायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. गावात त्यांना दुसरं घर मिळणं शक्यच नव्हतं. अशा उन्हात, अशा अवस्थेत ही बाई जाणार कुठे, असं आत्याने खिडकीतून बघत मला विचारलं.

“आता विचारतेस?” मी म्हटलं. मी पहिल्यापासून फटकळच.

सुट्टीच्या दिवशी ती मला घेऊन बसने निघाली. “मी समजले ते खरं आहे की नाही, बघून येऊ,” एवढंच म्हणाली. बसमधून उतरून टेकडी चढेपर्यंत ऊन कललं होतं. कुंपणाच्या आत दोन खोल्या, खांबावर एक पांढरी झडपांची पेटी, आणि आमचा तो समोरच्या घरातला माणूस. आत्याने आडपडदा न ठेवता विचारलं, “भैया, ये नंबर किस बात के हैं?”

तो आधी चमकला, मग समजावून सांगू लागला. किती उंचीवर वारा कुठून येतो, किती जोरात येतो, बस, एवढंच त्या आकड्यांत असतं. बोलता बोलता त्याने फुग्यात गॅस भरला. अंधार पडत आला होता. वर गेलेला फुगा दिसावा म्हणून त्याने खाली एक कागदी कंदील बांधला आणि त्यात मेणबत्ती लावली.

“बल्ब नहीं है?” आत्याने विचारलं.

“बिजली सुबह से नहीं है, बहनजी. यहाँ तो आपसे भी ज़्यादा जाती है.”

फुगा सुटला. तो दुर्बिणीला डोळा लावून बसला आणि साध्या कंदिलाच्या उजेडात आकडे लिहून घेऊ लागला. झाशीची वीज गिळणारं केंद्र मेणबत्तीवर चाललं होतं. मला हसू आवरेना. आत्या मात्र वर जाणाऱ्या त्या ठिपक्याकडे बघत उभी होती आणि तिचा चेहरा पार उतरला होता.

दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती. मी तर नक्कीच बसले असते. आत्या दुसऱ्याच दिवशी ड्युटीच्या आधी बाहेर पडली आणि दुकानादुकानांतून सांगत फिरली, की मी बोलले ते चूक होतं, मी स्वतः बघून आले. कॉलमधलं बाहेर बोलल्याचं तिने वरिष्ठांनाही आपणहून जाऊन सांगितलं, आणि तिची बढती अडकली. मला तिचा इतका अभिमान वाटत होता की कॉलेजात मी भेटेल त्याला सांगत होते. गावाला मात्र त्याचं काही नव्हतं. हाती लागलेली गोष्ट त्यांना परत द्यायचीच नव्हती.

“चाय पिलाई होगी उन्होंने,” कापडवाला हसत म्हणाला.

“पिलाई थी. शक्कर कम थी,” आत्या म्हणाली. “लालाजी, बिना देखे कहा था, तब आपने झट से मान लिया. अब देखकर आई हूँ, तो मानते नहीं.”

तो एक ठाण उलगडत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. थोड्याच दिवसांत नवी बातमी आली: केंद्रातून बहनजींच्या घरी जमिनीखालून तार टाकली आहे. आमच्याकडेही रोज अंधारच असायचा, पण ते बघायला कोण येतंय.

महिना संपत आला तरी घरमालक ऐकेना. तेव्हा आत्या समोरचा जिना चढून वर गेली आणि त्या दोघांना म्हणाली, आमच्याकडे चला. तिने स्वतःची खोली रिकामी केली. त्यांची ट्रंक एका बाजूने आपण उचलून गल्लीतून आणली, सगळे दारांत उभे असताना. आपलं अंथरूण तिने स्वयंपाकघरात हलवलं. पुढे त्याच खोलीत त्यांची मुलगी जन्मली आणि बदली होईपर्यंत ती माणसं आमच्याकडेच राहिली. पण मला अजून आठवते ती त्यांची पहिली संध्याकाळ.

वीज गेलेली होती, पानं मांडून झाली होती. आत्या त्या बाईसमोर येऊन बसली आणि तिच्या नवऱ्याला म्हणाली, “इन्हें बताइए, वो बात मैंने ही फैलाई थी. खाने से पहले इन्हें पता होना चाहिए कि किसके घर बैठी हैं.”

तो घुटमळला. मग त्यांच्या भाषेत काही बोलला. बाईने ऐकून घेतलं आणि शांतपणे उत्तर दिलं. तो मान खाली घालून बसला.

“क्या कहा?” आत्याने विचारलं.

“कह रही है, मालूम था. दूधवाला पहले ही दिन बता गया था.”

“फिर भी आ गईं?”

नवऱ्याने विचारण्याआधीच तिला ते समजलं. आत्याकडे बघत, एकेक शब्द जुळवत तिने हिंदीत सांगितलं, “बुलाने और कोई नहीं आया.”

आत्याने तिचं ताट पुढे ओढलं. भात वाढला, वरण वाढलं, आणि वाढता वाढता रडू लागली, पण हात थांबवला नाही. तिला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.