तीन मिनिटं झाली, वाढवून देऊ?

रविवार, ९ फेब्रुवारी, संध्याकाळी साडेसहा. इंदिरानगर, आमच्या सोसायटीचा तळमजला. हजर: ट्रंककॉल मावशी आणि मी. निळ्यावर त्यांचा मुलगा अविनाश, टोरांटोहून. पिवळ्यावर मुलगी सुजाता, दुबईहून.

मावशी फोन उचलून कधी "हॅलो" म्हणाल्या नाहीत. "बोला, कुठे जोडू?" म्हणायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलेलं. निवृत्त झाल्या तरी ते वाक्य सुटलं नाही. तिथे ट्रंककॉल तीन मिनिटांचा; वाढवायचा तर बोलणाऱ्याने हो म्हणायचं, नाहीतर लाइन तोडायची.

निळं, पिवळं ही ॲपची नावं त्यांनीच पाडलेली. अविनाशच्या ऑफिसात निळं चालतं, म्हणून त्याने निळ्याचा फोन पाठवला. सुजाताकडे निळ्यावरून बोलता येत नाही, म्हणून तिने पिवळ्याचा. दोन्ही कंपन्या बड्या. एकीने काही नवीन आणलं की दुसरी बटणं हलवायची, आणि मावशी मला हाक मारायच्या, "सेक्रेटरीबाई, या जरा. पुन्हा घर बदललं यांनी." वर ऐकवायच्या, "एवढ्या मोठ्या कंपन्या, आणि एकमेकींची लाइन घेत नाहीत. येवल्याचा कॉल नाशिक रोडने नाकारला असता, तर आमच्या साहेबांनी खुर्चीवरून उठवलं असतं."

मुलांचंही तसंच. "तिला निळ्यावर यायला सांग." "त्याला पिवळं घ्यायला काय होतं?" वडील गेले तेव्हा सुजाता वेळेत पोचली नाही, अविनाश तिला नको ते बोलला, तेव्हापासून दोघं गप्प. "भांडण ॲपचं नाही हो," मावशी म्हणायच्या, "ॲप बिचारं मध्ये सापडलंय."

त्या रविवारी त्यांनी दोन्ही फोन लावले, स्पीकर चालू केले आणि टेबलावर उलटसुलट ठेवले, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी. "लागली लाइन. बोला दोघं." मग माझा दंड धरून स्वयंपाकघरात आणलं. "चला. जोडणाऱ्याने ऐकायचं नसतं."

त्यांनी नळ सोडला. मी दारातच घुटमळले. आधी हवापाणी झालं. मग सुजाता म्हणाली, "दादा, बाबांच्या वेळी मी..."

मावशींची नजर घड्याळावर गेली. नळ बंद करून त्या बाहेर गेल्या आणि फोनवर वाकून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवून देऊ?"

कुणीच हो म्हणालं नाही. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत राहिला. मावशींनी शिस्तीत दोन्ही लाइन तोडल्या.

मग खुर्चीत बसल्या. "सवयीने गेलं हो तोंडातून," म्हणाल्या. "पुढच्या रविवारी परत जोडू. लिहून ठेवा."

मी लिहून ठेवलं. गुरुवारी दुपारी मावशी झोपेतच गेल्या.

दोघं आली. तेरा दिवस एका सतरंजीवर बसली आणि आल्यागेल्यांशीच बोलली. निघताना दोघांनीही, वेगवेगळं, मला एकच विचारलं, "त्या दिवशी तो फोन आईने का तोडला?"

गॅस परत केला. पेपर बंद केला. चाव्या अविनाशकडे, साड्या सुजाताकडे दिल्या. दोन्ही फोन माझ्याकडे आहेत, चार्ज करून ठेवते. वहीत एकच ओळ टिक करायची राहिली आहे: रविवार, साडेसहा, निळं-पिवळं जोडणे. घड्याळ न बघता.