हरेल तो एअरपोर्टला जाईल

चार मराठी माणसं दर वर्षी एकाच टीव्हीसमोर बसली की किस्से साठतात, घरात आइस्क्रीमचे रिकामे डबे साठतात तसे. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत!

आमची चौकडी अमेरिकेतल्या बॉथेल गावची. विद्याताई मूळची कोल्हापूरची, बायोटेकवाली. शेखर मुंबईचा, डेटावाला. अविनाश नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. आणि मी पुण्याची, म्हणजे मत देणारी. जुलैमध्ये फ्रान्सला तीन आठवड्यांची सायकल शर्यत असते. तिच्या शेवटच्या रविवारी आम्ही सकाळी विद्याताईकडे पोहे खात पैज लावतो. एकूण शर्यत कोण जिंकणार हे तोपर्यंत ठरलेलं असतं. पण त्या दिवशी फिनिशलाइनच्या आधी जी स्प्रिंट सुरू होते, तिचं मात्र कुण्णाला काही सांगता येत नाही.

पैसे लावायचे नाहीत, हे अविनाशनं पहिल्याच वर्षी बजावलं. "व्हिसावर आहे ना बाप्पा, जुगार नको!" मग विद्याताईनं तोडगा काढला. पोळ्यांच्या डब्यात चार स्प्रिंटर्सच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येकानं एक उचलायची. ज्याचा गडी चौघांत शेवटी येईल, त्यानं पुढचं वर्षभर चारही घरांची एअरपोर्ट ड्यूटी करायची. म्हणजे आई-बाबा, सासू-सासरे, त्यांच्या बॅगा, लोणच्याच्या बरण्या, पहाटेच्या फ्लाइट्स आणि हायवेवरचं ट्रॅफिक. ज्यानं केलंय त्यालाच कळेल!

यंदा जूनमध्ये अविनाशचा जॉब गेला. व्हिसाच्या नियमानं दोन महिन्यांत दुसरा मिळाला नाही तर बायको-मुलीला घेऊन परत नागपूर. तो दिवसभर इंटरव्ह्यू द्यायचा आणि संध्याकाळी आम्ही त्याच्याकडे जाऊन हेच किस्से उगाळायचो. रेफरल देऊन झाले होते, ओळखी काढता येतील तेवढ्या काढल्या होत्या. आता त्याला हसवणं एवढंच आमच्या हातात होतं.

* * *

पहिला मान शेखरच्या मॉडेलचा.

एका वर्षी हा पठ्ठ्या पंधरा दिवस खपून प्रोग्रॅम लिहून आला. वारा कुठून वाहतो, कुणाचे पाय किती दमलेत, शेवटचं वळण कसं आहे, सगळं त्यात. छान रंगीत ग्राफ! आम्ही खरोखर थक्क झालो.

मग विद्याताईनं पोळ्यांचा डबा पुढे केला. "घे, उचल चिठ्ठी."

तेव्हा शेखरच्या लक्षात आलं की आपल्याकडे गडी निवडता येतच नाही! त्यानं चिठ्ठी उचलली, लॅपटॉपमध्ये नाव घातलं आणि स्क्रीनकडे बघतच राहिला. मॉडेल म्हणत होतं, हा चौघांत शेवटी येणार. आणि तो आला!

शेखर वर्षभर एअरपोर्टच्या फेऱ्या मारत होता आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येक काका-काकूंना अभिमानानं सांगत होता, "माझं प्रेडिक्शन एकदम करेक्ट निघालं!"

* * *

शेखरचे बाबा, म्हणजे आमचे काका, इथे आले होते त्या वर्षीची गोष्ट. सायकलची शर्यत ते आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

फिनिश जवळ आली. एक जण जीव तोडून सगळ्यांच्या पुढे पळत होता आणि ऐन वेळी बाजूला झाला. काका खवळले. "अरे, हा मूर्ख थांबला का?"

विद्याताईनं समजावलं, "काका, त्याचं कामच ते. तो पुढे राहून वारा अंगावर घेतो, मागच्याला दमू देत नाही. शेवटी बाजूला होतो आणि मागचा जिंकतो."

"आणि याला काय मिळतं?"

"मागचा जिंकला की हाच सगळ्यात आधी हात वर करतो."

काकांनी मान डोलावली. मग म्हणाले, "आमच्या ऑफिसात असा एक जरी असता, तरी मी मॅनेजर होऊन रिटायर झालो असतो!"

* * *

विद्याताई एकदाच हरली आणि नेमका त्याच हिवाळ्यात बर्फ पडला. आमच्याकडे चार बोटं बर्फ पडला तरी गाव बंद होतं. शेखरचं घर टेकडीवर, काका-काकूंची परतीची फ्लाइट त्याच दुपारी. शेखर म्हणाला, "ताई, कॅन्सल करू या. गाडी वर येणारच नाही."

"गाडीला वर कोण बोलावतंय?"

तिनं गाडी खाली मेन रोडला उभी केली आणि मुलांची बर्फावरची प्लॅस्टिकची घसरगाडी खांद्याला लावून टेकडी चढून आली. बॅगा घसरगाडीवर बांधल्या, दोरी स्वतःच्या हातात धरली आणि एकेक करून सगळ्या खाली पोचवल्या. काकूंचा हात धरून त्यांना आणलं. विद्याताई साठीला टेकलीय हो! काका मात्र हटून बसले, मी घसरगाडीवरूनच येणार. आले!

खाली पोचल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, "विद्या, फ्लाइटला अजून वेळ आहे ना? मग एकदा अजून!"

* * *

अविनाश हरला त्या वर्षी विद्याताईचे आई-बाबा यायचे होते. हा फुलं घेऊन वेळेच्या आधी हजर. समोरून ट्रॉली ढकलत एक काका-काकू आले. यानं वाकून नमस्कार केला, त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला. नमस्कार झाल्यावर नाव विचारायची आपल्यात पद्धत आहे का? बॅगा उचलून स्वारी पार्किंगमध्ये!

बॅगा डिकीत टाकताना काकूंनी विचारलं, "मिहिरला मीटिंग होती का रे?"

"कोण मिहिर?"

मिहिर बिचारा ट्रॅफिकमध्ये अडकला होता. विद्याताईचे आई-बाबा आत बॅगांच्या पट्ट्याशी उभे होते. अविनाशनं दोन्ही जोडप्यांना एका बाकावर बसवलं, चौघांना कॉफी पाजली आणि मिहिर येईपर्यंत हलला नाही. त्या काकू अजून दर दिवाळीला त्याला चकल्या पाठवतात.

विद्याताईनं त्याला झापलं, "अरे, फोटो पाठवला होता ना तुला!"

"ताई, नमस्कार करताना मला फक्त पाय दिसले!"

* * *

आणि आता यंदाचं.

अविनाश आला, पण खुर्ची मागे ओढून बसला. जॉबचं कुठूनच काही आलं नव्हतं. विद्याताईनं डबा पुढे केला तसा तो म्हणाला, "मी नाही यार या वेळी. वर्षभराचा शब्द कसा देऊ? पुढच्या महिन्यात मी इथे असेन का, तेच माहीत नाही."

विद्याताईनं डबा तसाच त्याच्यासमोर धरून ठेवला. तिचा हातही हलला नाही.

शेवटी तो म्हणाला, "बरं. पण मला चिठ्ठी नको. मी नाव सांगतो." आणि त्यानं नाव घेतलं ते सगळ्या शर्यतीत शेवटच्या नंबरावर असलेल्या गड्याचं! डोंगर चढताना दुसऱ्यांना पाण्याच्या बाटल्या पोचवणारा, स्प्रिंटशी काहीएक संबंध नसलेला.

"चालेल," विद्याताई म्हणाली. हरणाऱ्याला वर्षभर इथेच राहावं लागतं! माझे डोळे भरून आले, म्हणून मी पोह्यांवर उगाच लिंबू पिळत बसले.

स्प्रिंट सुरू झाली. अविनाशचा गडी घोळक्यापासून सुटून पार मागे पडला होता. अविनाश पुढे सरकून बसला, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. आणि शेवटच्या वळणावर शेखरचा गडी धाडकन पडला! लागलं नाही फारसं, पण सायकल मोडली. ती खांद्यावर घेऊन तो चालत निघाला. अविनाशचा गडी त्याच्या शेजारून आरामात पुढे गेला आणि लाइन ओलांडून मोकळा झाला.

म्हणजे शेखर हरला. अविनाश सुटला.

अविनाश टीव्हीकडे बघत राहिला. "जाऊ दे," एवढंच म्हणाला आणि बुटांची लेस बांधायला लागला.

तेवढ्यात शेखर ताडकन उठला. "एक मिनिट! फिनिशच्या इतक्या जवळ जो पडतो, त्याला तो ज्या ग्रुपमध्ये होता त्याच ग्रुपचा टाइम देतात. रूल आहे! माझा गडी ग्रुपबरोबर आला. याचा मागून आला. मी हरलेलो नाही!"

मी विद्याताईकडे बघितलं. आमची पैज आजवर कधीच टाइमवर नव्हती. लाइन कुणी आधी ओलांडली, एवढंच आम्ही बघत आलो होतो.

विद्याताईनं पोळ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. "शेखरचं बरोबर आहे. अविनाश, तू हरलास."

अविनाशनं आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघितलं. मग लेस तशीच सोडून त्यानं खिशातून फोन काढला, कॅलेंडर उघडलं आणि म्हणाला,

"हं, बोला. डिसेंबरात कुणाचे आई-बाबा येऊन राहिले?"