पाहुण्याला आधी

“पाहुण्याला आधी वाढायचं असतं, पोरी,” असं म्हणत काका चष्मा कपाळावर सरकवायचे आणि मी कपाळावर हात मारून घ्यायचे. विषय जेवणाचा नसायचा. विषय कॉम्प्युटरचा असायचा.

बेसिंगस्टोकला आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहायचे, मी खाली. नागपूरचे, पन्नाशी उलटलेले, वर्क व्हिसावर टेस्टिंगचं काम करणारे. बायको आणि बारावीतली मुलगी नागपूरलाच. मी एकटीच, पुण्याची, आणि त्यांच्या लेखी फुकटची मेकॅनिक.

एकाच मशीनवर त्यांना विंडोजही हवं असायचं आणि लिनक्सही. अशी हौशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दोन्ही ठेवायची तर आधी विंडोज बसवायचं, मग लिनक्स. उलट केलं की विंडोज मशीन सुरू करण्याचा कारभार एकट्याकडे घेतं आणि ‘कोणतं हवं?’ असं विचारणारी यादीच गायब होते. लिनक्स आत असतं, पण तिथे जायला दार उरत नाही. हे मी त्यांना समजावलं, मग रागावून समजावलं, मग त्यांच्याच हातून दुरुस्तीच्या सीडीवर लिहून घेतलं. तरी दोन-तीन महिन्यांनी व्हायरस यायचा, काका सगळं पुसून टाकायचे, आणि पुन्हा लिनक्स आधी.

“विंडोज काय, घरचाच आहे. लिनक्स पाहुणा.”

“काका, तुमचा घरचा माणूस पाहुण्याचं ताट उचलून नेतो.”

यावर ते हसायचे आणि माझ्यापुढे तर्री-पोह्यांची बशी ठेवायचे. तर्री डब्यातल्या चण्यांची, पण चव अस्सल. मी चरफडत खायचे, चरफडत मशीन दुरुस्त करायचे. शनिवारची सकाळ अशी तीनदा गेली.

लिनक्सचं कारण एकच. गणिताची चिन्हं त्यांना त्यावरच नीट छापता यायची. दर शनिवारी मुलीसाठी ते सोडवलेला पेपर पाठवायचे. इथले सकाळचे नऊ म्हणजे तिकडे दुपारचे अडीच. ती सायबर कॅफेत तासभर बसायची.

तिच्या परीक्षेआधीचा शेवटचा शनिवार. साउथहॅम्प्टनला मैत्रिणीच्या बाळाचं बारसं होतं, मी साडेआठची ट्रेन पकडायला निघाले होते. पावणेआठला फोन.

“थेट विंडोजच येऊन राहिलं. यादीच नाही.”

“पुन्हा?”

“काल लिनक्स टाकलं, त्यात पेपर टाइप केला. आज सकाळी विंडोज टाकलं. पेपर आतच राहिला ना.”

मी जिन्यावरून भांडतच वर गेले. सीडी घातली. रागाच्या भरात डिस्कचा चुकीचा भाग सांगितला, पुन्हा पहिल्यापासून. ट्रेन गेली. नऊ वाजले.

“काढून टाका तो पाहुणा कायमचा,” मी म्हणाले. “पोरीच्या बारावीपेक्षा तुमची हौस मोठी आहे का?”

काकांनी पोह्यांखालचा गॅस बंद केला. मला माझीच लाज वाटली, पण तोंडातून गेलं होतं.

नऊ वीसला पडद्यावर दोन ओळींची यादी आली. काकांनी तिला चक्क हात जोडले. पेपर मुलीला गेला. मग ते पडद्यासमोर बसून राहिले, उठायचं नावच घेईनात. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, ते त्यांनी मोठ्याने वाचलं. “बाबा, दोन सापडल्या. तिसऱ्यात चिन्ह, सातव्यात शेवटची पायरी.”

“चुका?” मी विचारलं.

“दर पेपरात एक मुद्दाम सोडतो. ती शोधत राहते, मी इथं वाट पाहतो. तेवढा वेळ पोरगी बाजूला बसल्यासारखी वाटते.” चष्मा काढून ते पुसत राहिले. “गणित तिला माझ्यापेक्षा चांगलं येते.”

“मग दोन कशा?”

“सातव्यातली माझीच आहे ना.”

एवढं बोलून त्यांनी गॅस पुन्हा लावला आणि पहिली बशी मला दिली.

त्या उन्हाळ्यात त्यांचं काम संपलं आणि ते नागपूरला परतले. जाताना ती सीडी मला देऊन गेले. पुढे मी नवीन लॅपटॉप घेतला, आधी विंडोज टाकलं, मग लिनक्स. पहिल्याच फटक्यात यादी आली. शनिवारच होता. आदल्या संध्याकाळी ऑफिसातून आल्यापासून मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते.

सीडीवर त्यांचं गोल अक्षर तसंच होतं: ‘आधी विंडोज, मग लिनक्स.’ खाली दोन रेघा. गणिताचा माणूस, आणि दोन पायऱ्यांचा क्रम चारदा चुकला. शेवटची चूक त्यांचीच, खरीखुरी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आधीच्या तीन चुकांबद्दल मात्र मी कधी विचारलंच नाही.