ठोके सर

ठोके सरांचं आडनाव ठोके नव्हतंच. नाशकात ठोके आडनावाची माणसं ढिगाने, त्यामुळे नवख्याला शंकाही यायची नाही. एका पालकाने तर मुलीच्या लग्नपत्रिकेवर ‘श्री. ठोके सर, सहकुटुंब’ असं लिहून पाठवलं होतं! नव्वदच्या पुढेमागे ते आम्हाला शाळेत पीटी शिकवायचे. धावून आलेल्या मुलीचं मनगट दोन बोटांत धरायचे, डोळे मिटायचे आणि दहा सेकंदांतल्या ठोक्यांचा आकडा सांगायचे. सेकंदही मनातच मोजायचे. "सत्तावीस. बस खाली." सहाने गुणायचं काम आमचं.

पुढे दहा-बारा वर्षांनी ते पांडवलेणीच्या पायऱ्यांवर भेटले. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं वजन अठरा किलोंनी वाढलेलं. भावाने परदेशातून एक घड्याळ आणलं होतं. पट्टा ओला करून छातीला बांधला की मनगटावर ठोक्यांचा आकडा दिसायचा. चाळिसाव्या पायरीला तो एकशे अडुसष्ट झाला आणि मी तिथेच बसकण मारली. समोरून सर उतरत होते. "खो-खोतली पोर ना तू? दे हात." त्यांनी डोळे मिटले. "अठ्ठावीस. घड्याळ बरोबर आहे. घाबरतेस काय? ओझं वाढलं, हमाल तोच. जास्त धावणारच बिचारा."

मग रोज सकाळी त्यांची शिकवणी सुरू झाली. चढताना दोन वाक्यं धड बोलता आली पाहिजेत, नाही आली तर वेग कमी करायचा, हा पहिला नियम. दुसरा त्यांच्या शब्दांत: "आकडा वर किती गेला ते सोड. थांबल्यावर खाली किती लवकर येतो ते बघ." दोन महिन्यांत त्याच पायरीला माझा आकडा एकशे पन्नासवर आला. वजन मात्र जेमतेम तीन किलो उतरलं. "सर, काटा हलतच नाही हो," मी रडगाणं गायचे. "काटा मागून हलतो. आधी काळीज शिकतं," असं म्हणून ते पुढे निघायचे.

थंडीत लेण्यांपर्यंत धुकं चढायचं, दहा पायऱ्यांपलीकडचं दिसायचं नाही. अशाच एका सकाळी मी थांबून दम घेत होते. आकडा उतरत एकशे वीसवर आला, आणि एकदम एकशे ऐंशी! छातीत तर काहीच धडधडत नव्हतं. मागे वळले तर हातभर अंतरावर सर उभे. ते दोन पायऱ्या वर गेले, आकडा पुन्हा एकशे पंधरा. मग हे रोजचंच झालं. पाऊल वाजायच्या आधी आकडा सांगायचा, सर आले म्हणून. मला त्यांच्याजवळ उभं राहायची भीती वाटायला लागली. एकदा धीर करून मनगट पुढे केलं. त्यांनी मोजलं, माझ्या घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हा आकडा तुझा नाही."

एक दिवस मी पट्टा घरीच विसरले. पायरीवर सर शेजारी शांत बसले होते, आणि माझ्या मनगटावर एकशे बावन्न, एकशे सत्तर, एकशे अठ्ठेचाळीस असं काहीतरी नाचत होतं. "सर, मी पट्टा लावलेलाच नाही. मग हे कुणाचं?"

त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. आत तसलाच पट्टा. कुण्या जुन्या विद्यार्थ्याने दिलेला. घड्याळ विजारीच्या खिशात. ते पट्टे माणूस ओळखत नसत, जवळ असेल त्या घड्याळाला आकडा देऊन मोकळे. "माझी बोटं माझ्यावर चुकायला लागली गं. ठोका एका तालात पडतच नाही, मोजू कसं?"

"सर, तुम्ही अर्धा तास बसलाय. आकडा खाली येत नाहीये."

"मला शिकवतेस?" मग आवाज एकदम मऊ झाला. "सोमवारी डॉक्टरकडे जातो. पण आमच्या घरी बोलू नकोस. तुझ्या काकूला कळलं तर माझं चढणं बंद. शपथ आहे तुला माझी."

मी गप्प बसले. अहो, शाळेपासूनची सवय, सरांनी सांगितलं की ऐकायचं. रविवारी सकाळी बूट घालता घालता सर गेले.

चौथ्या दिवशी टेकडीवरून तशीच त्यांच्या घरी गेले. पट्टा लावणं मी सोडलं होतं. नुसतं घड्याळ, तेही सवयीने चालू केलेलं. काकूंनी कपाटातून सरांचा पट्टा काढला. दोन्ही हातांत धरला होता, तळवे डोळे पुसून ओले. "हा यांच्या अंगावर होता. कशाचा गं? पाठ दुखत होती का यांची?"

‘हो’ म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या मनगटावर आकडा उमटला. एकशे बारा. क्षणभर मला वाटलं, सरच. मग पट्टा धरलेल्या त्यांच्या ओल्या तळव्यांकडे लक्ष गेलं; पट्ट्याला ओली कातडी पुरते. काकूंचंच काळीज होतं ते, माझ्या हातावर धावणारं. आणि माझ्याच्याने खोटं बोलवेना.

"काकू, ठोके मोजायचा आहे हा. सरांचे चुकत होते, मला माहीत होतं. चार-पाच दिवस आधीपासून."

काकूंनी पट्टा खाली ठेवला. मनगटावरचा आकडा गेला. त्या उठून दार उघडून उभ्या राहिल्या. त्यानंतर मी तीनदा गेले, तिन्ही वेळा त्यांनी खिडकीतून मला पाहिलं आणि दार उघडलं नाही. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.