आदर्श गुंतवणूकदाराचा सत्कार

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मी कराडला एका शेअर दलालाच्या ऑफिसात इंटर्नशिप केली. कोरेगावहून रोज एसटीने जायचे आणि रोज घाबरायचे. साहेबांना घाबरायचे, कारण ते काचेच्या केबिनमध्ये, शेअर बाजारातल्या तेजीचं चिन्ह असलेल्या पितळी बैलाशेजारी बसत आणि दोघेही सारखेच रागावलेले दिसत. कॉम्प्युटरला घाबरायचे, कारण चुकीचं बटण दाबलं तर कुणाचंही काहीही विकलं जाईल, असं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शेवटी सर्टिफिकेटवर सही साहेबांचीच लागणार होती, त्यामुळे भीती दाखवायचीही सोय नव्हती.

गिऱ्हाइकांचे खरेदी-विक्रीचे सौदे ऑफिसातले डीलरदादा कॉम्प्युटरवर टाकायचे. नियम कडक होता. गिऱ्हाइकाने स्वतःच्या नंबरवरून, बाजार चालू असताना, ऑफिसच्या रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर स्वतः सांगायचं. चिठ्ठी चालत नव्हती, निरोप चालत नव्हता, पुतण्या तर मुळीच चालत नव्हता.

मे महिन्यात साहेबांनी गुंतवणूकदार मेळावा ठरवला. मंगल कार्यालय, फेटे, शाली, नारळ, सगळं आलं. ‘आदर्श गुंतवणूकदार’ म्हणून एका निवृत्त सुभेदारांची निवड झाली. त्यांची पात्रता एवढीच, की घेतलेला एकही शेअर त्यांनी आजवर विकला नव्हता.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी साहेब मांडवात होते, तेव्हा सुभेदार ऑफिसात आले.

“दादा, उद्या बाजार उघडला की समदं विका. मंडळीचं मिरजेला हार्टचं ऑपरेशन ठरलंय.”

“काका, आत्ता बाजार बंद आहे. सकाळी फोन करा, लगेच विकतो. पण उशीर नको. तुमचे सगळे शेअर एकाच कंपनीचे, आणि तिची बातमी वाईट आहे. भाव ठरलेल्या मर्यादेपर्यंत पडला की खालचं सर्किट लागतं, मग घेणाराच राहत नाही. विकायचं म्हटलं तरी विकता येत नाही.”

“करतो की फोन. फौजी मानूस हाय मी, टायमाला पक्का.”

पण सत्काराचा मुहूर्त साहेबांच्या गुरुजींनी काढला होता, आणि गुरुजींना बाजाराची वेळ कुणी सांगितली नव्हती. सकाळी बाजार उघडला तेव्हा सुभेदार व्यासपीठावर होते. डोक्यावर भगवा फेटा, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात बैलाचं स्मृतिचिन्ह. समोर माईक घेऊन साहेब संयमावर बोलत होते. मी शालींचं तबक धरून कडेला उभी होते.

माझा फोन थरथरला. डीलरदादा होते. “सुभेदारांचा फोन नाही गं! भाव घसरतोय. अजून घेणारे आहेत, थोड्या वेळात नसतील. काहीतरी कर.”

काहीतरी म्हणजे काय, ते दादांनी सांगितलं नाही. पहिल्या रांगेत सुभेदारांच्या पत्नी बसल्या होत्या, पदराने वारा घेत. दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागेल असा चेहरा. सुभेदारांचा बटणांचा फोन त्यांच्याच पिशवीत होता. मी वाकून तो मागितला.

“ह्यो घे,” त्या कुजबुजल्या. “पर वर कसा द्यायचा गं? सायेब बोलत्यात न्हवं.”

आम्ही दोघी साहेबांकडे बघत राहिलो. तिकडे भाव पडत होता आणि इकडे दोन बायका भाषणात व्यत्यय नको म्हणून गप्प. मग मी त्या फोनवरून ऑफिसचा नंबर लावला, फोन शालीखाली तबकात ठेवला आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. प्रत्येक पायरीला तबकातली हळदीकुंकवाची वाटी वाजत होती.

“काका, फोन. आत्ता बोला.”

“आगं, भाषान चाललंय. हूं दे की.”

त्यांच्या फेट्याखालून घाम ओघळत होता. सरहद्दीवर उभा राहिलेला माणूस पितळी बैलाच्या मालकाला घाबरत होता. ते पाहून मला धीर यायला हवा होता. उलट मी जास्तच घाबरले.

“काका, सर्किट लागलं तर आज काहीच विकलं जाणार नाही.”

त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात भरलेले, म्हणून फोन मीच त्यांच्या कानाला लावला. फोनवर हळू बोलायची सवय त्यांना नव्हती, आणि माईक हातभर अंतरावर होता.

“हां, म्या सुभेदार बोलतोय! समदं विका! येक बी ठेवू नका!”

साहेब ‘संयम’ या शब्दावर थांबले होते. मग पहिल्या रांगेतल्या एकाने खिशातून फोन काढला, मग दुसऱ्याने, मग मागच्या रांगांत नुसती खुसफुस सुरू झाली. मी फोन आपल्या कानाला लावला.

“गेले,” दादा म्हणाले. “सगळे विकले गेले. ठेव आता, दुसरे फोन वाजतायत.”

साहेबांनी माईकवर अल्पोपाहार जाहीर केला.

खाली काकूंनी माझं मनगट धरलं. “झालं का गं?”

“झालं, काकू.”

“मग चला म्हनावं त्यास्नी. मिरजेची गाडी चुकंल.”

सुभेदार उतरले. बायकोला धरायला हात मोकळा हवा, म्हणून नारळ त्यांनी माझ्याकडे दिला. फेटा काढायचं भान त्यांना राहिलं नाही. तसेच दोघं हळूहळू दाराबाहेर गेले.

वळून पाहिलं तर साहेब पायऱ्या उतरून माझ्याच दिशेने येत होते. सर्टिफिकेट मला तेव्हा आठवलं. दोन्ही हातांनी नारळ घट्ट धरून मी उभी राहिले.